उसाच्या रसावर मोटारी धावतील काय?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे जे उद्दिष्ट प्रथम २०३० सालासाठी ठरले होते, ते २०२५ सालीच गाठल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. २०१४ साली हेच प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. अकरा वर्षांतील ही मजल लहान नव्हे आणि तिचे श्रेय ज्याचे त्याला देण्यात आम्हांस मुळीच संकोच वाटत नाही. परंतु ऑगस्ट २०२३ मध्ये केवळ इथेनॉलवर धावू शकणारी मोटार नितीन गडकरी यांनी दिल्लीत लोकांपुढे आणली, तेव्हापासून निराळीच भाषा कानी येऊ लागली आहे. वीसावर थांबायचे कशाला, सत्तावीस करू, तीस करू आणि एक दिवस पेट्रोलला कायमची रजा देऊ, अशी ही भाषा आहे. हिचा हिशेब कोणी मांडून पाहिला आहे काय?

आपण मांडून पाहू. देशात २०२४-२५ साली सुमारे ४ कोटी टन पेट्रोल खपले, म्हणजे ढोबळ मानाने ५,४०० कोटी लिटर. उसाचे पीक वर्षाला सुमारे ४५ कोटी टन येते. एका टन उसाचा सगळा रस इथेनॉलकडे वळविला, तर त्यातून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघते. म्हणजे देशातील एकूण एक कांडे गाळपाला घातले, साखरेचा एक दाणा किंवा गुळाचा एक खडाही केला नाही, तरी हाती येणार ३,१५० कोटी लिटर. आता इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. तेव्हा हे सारे इथेनॉल काम करणार २,१०० कोटी लिटर पेट्रोलचे! शंभर कोटींहून अधिक लोकांनी चहा बिनसाखरेचा प्यावा आणि तरीही पाचांतील तीन मोटारी उभ्याच राहाव्यात, असा हा व्यवहार आहे. शिवाय डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे आणि मालमोटारी, ट्रॅक्टर व एस.टी. यांची चाके त्यावर फिरतात, ही गोष्ट वेगळीच.

महाराष्ट्रापुरता मुद्दा याहून गंभीर आहे आणि तो पाण्याचा आहे. राज्यातील एकूण पिकाखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांहूनही कमी जमिनीवरील ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी पितो, असे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच नमूद केले आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळविण्यास किमान २,८६० लिटर पाणी लागते, हा आकडाही कोणा विरोधकाचा नसून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या नीती आयोगाच्या आराखड्यातला आहे. पाच टक्के मिश्रणाचा पहिला प्रयोग २००१ साली ज्या गावी झाला, त्यांत मनमाडबरोबर मिरजही होते. त्याच मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले. आणि लातूरच्या भोवती तेव्हा साखर कारखाने होतेच. ज्या जिल्ह्यात माणसांसाठी पाणी वाघिणींतून येते, तेथे मोटारींसाठी ऊस लावावा काय, याचे उत्तर मुंबईत आणि दिल्लीत बसलेल्यांनी द्यावयाचे आहे.

मात्र दुसरी बाजू दडपणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. साखर गोदामात पडून राहावी, कारखान्याचा पैसा अडकावा आणि उसाच्या बिलासाठी शेतकऱ्याने खेटे घालावेत, हे चित्र या राज्याने अनेक हंगाम पाहिले आहे. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत मिळू लागल्याने ही कोंडी बरीच सुटली. मळी ही तर कारखान्याची अडगळच. तिच्यापासून इंधन करण्यास कोणता शहाणा हरकत घेईल? देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक परदेशातून येते. त्या खर्चात जी बचत होईल ती हवीच.

परंतु मळीवर २० टक्के भागत नाहीत. म्हणून रस आला, रसानंतर मका आला, आणि अन्न महामंडळाच्या कोठारातील तांदूळही आसवनीकडे निघाला. मक्याचा निर्यातदार असलेला आपला देश २०२४ साली मका आयात करू लागला. तेलाची आयात टाळण्यासाठी धान्याची आयात, हा कोणता स्वावलंबनाचा पाठ? आणि पाऊस हुकला की काय होते, तेही ७ डिसेंबर २०२३ रोजी दिसले. साखर कमी पडेल या भीतीने सरकारने रसापासून इथेनॉल करण्यास एकाएकी बंदी घातली. आठवडाभरात ती सैल केली. सरकारच्याच शब्दावर कर्जे काढून आसवन्या उभारलेल्या सहकारी कारखान्यांची त्या आठवड्यात काय अवस्था झाली असेल, ती सांगावयास नको.

ब्राझीलचे उदाहरण हटकून दिले जाते. तेथे १९७५ पासून हा कार्यक्रम चालू आहे आणि ऑगस्ट २०२५ पासून मिश्रण ३० टक्के झाले आहे. पण तेथील ऊस बहुतांशी पावसावर येतो, जमीन अफाट आणि माणसे आपल्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी! त्या ब्राझीललाही १९८९ च्या सुमारास इथेनॉलचा असा तुटवडा भोगावा लागला, की शुद्ध इथेनॉलच्या मोटारींवरून लोकांचा विश्वासच उडाला. पुढे २००३ पासून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या मोटारी निघाल्या, तेव्हा कोठे तो परतला. तेथील ग्राहकाला पंपावर निवड करता येते. आपल्या पुण्या-मुंबईच्या स्कूटरवाल्याला ती नाही. जुन्या मोटारींचे अंतर सहा-सात टक्क्यांनी घटेल, हे नीती आयोगानेच लिहून ठेवले होते. दर मात्र त्याने पूर्ण पेट्रोलचाच मोजावा!

आज खरा दाब निराळ्याच दिशेने येत आहे. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी १,०५० कोटी लिटर इथेनॉल मागितले. देऊ करण्यात आले १,७०० कोटींहून अधिक. भरमसाट आसवन्या उभ्या राहिल्या, त्यांना गिऱ्हाईक हवे, म्हणून मिश्रण वाढवा, असा हा उलटा न्याय आहे. तेव्हा २० टक्क्यांच्या पुढे एक पाऊल टाकण्यापूर्वी सरकारने कोणत्या खोऱ्यातून किती पाणी या कामी जाईल, याचा आकडा संसदेपुढे ठेवावा. जुन्या वाहनांसाठी प्रत्येक शहरात १० टक्के मिश्रणाचा एक तरी पंप राखावा. आणि भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा पानिपतचा जो कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, त्याचा उत्पादनखर्च व प्रत्यक्ष उत्पादन किती, हे जाहीर करावे. राज्य सरकारने तर मराठवाड्यात नव्या आसवनीची एकही शिफारस या आकड्यांवाचून दिल्लीस पाठवू नये.