छोटं पिस्तूल नवख्यांसाठी नाही

ह्यूस्टनजवळ दुकान चालवणाऱ्या ओळखीच्या एका मराठी वहिनींनी या आठवड्यात पिस्तूल घेतलं आणि शनिवारी त्या ते घेऊन माझ्याकडे रेंजवर आल्या. डबी उघडली तर आत तळहातात मावेल एवढं, .३८० बोअरचं, खिशात ठेवायचं पिस्तूल. विकणाऱ्याने सांगितलं होतं, बायकांना हेच बरं, हलकं असतं, पर्समध्ये पडून राहतं. पहिलं मॅगझिन संपेपर्यंत वहिनींच्या अंगठ्याच्या बेचक्यात लाल वळ उठला होता. सात मीटरवरच्या कागदावर गोळ्या कुठेही लागल्या होत्या, काही तर कागदावरच नव्हत्या. "ताई, हे काही मला जमायचं नाही," म्हणून त्यांनी ते परत डबीत ठेवलं.

मला संताप आला तो याचाच. जमत नव्हतं ते पिस्तुलामुळे, आणि दोष घेतला वहिनींनी स्वतःकडे.

टेक्सासने २०२१ मध्ये पिस्तूल बाळगण्यासाठीची परवान्याची अट काढली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ब्रुएन निकालानंतर न्यूयॉर्कमध्ये काय बदललं, हे सगळं मागच्या लेखांत झालं आहे. बाळगावं की बाळगू नये, यावर मला येणारी पत्रंही थांबलेली नाहीत. आज तो विषय नाही. ज्याने बाळगायचं ठरवलं आहे त्याने केवढं बाळगावं, एवढंच बोलायचं आहे. कारण या देशात हा निर्णय बहुतेक वेळा काउंटरवर, पाच मिनिटांत आणि पिस्तूल न चालवताच होतो.

वहिनींच्या हातात मग मी माझं ग्लॉक १९ दिलं. हे १९८८ पासून बाजारात आहे. नळी दहा सेंटीमीटरची, मॅगझिनमध्ये पंधरा काडतुसं, आणि रिकामं असताना वजन सुमारे साडेसहाशे ग्रॅम. खिशातली पिस्तुलं पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास असतात. वहिनींना ग्लॉक बघूनच धास्ती वाटली. "हे तर पोलिसांचं वाटतंय," त्या म्हणाल्या. मी आधी एकच काडतूस भरून दिलं, मग दोन, मग पाच. पाचही गोळ्या कागदावर छातीच्या जागी लागल्या. बाई तीच, दुपार तीच, अंतरही तेच.

असं का होतं, ते नीट सांगते, कारण 'लहान हाताला लहान हत्यार' हा समज इथूनच उखडायला हवा. ग्लॉकचं ९ एमएमचं काडतूस .३८० पेक्षा बरंच जोरकस असतं. तरी धक्का छोट्या पिस्तुलाचाच जास्त बसतो. गोळी पुढे जाते तेवढ्याच जोराने हत्यार मागे येतं, आणि हत्यार जितकं हलकं तितकं ते वेगाने मागे येतं. काडतुसाचा जोर दीडपावणेदोन पटीने वाढला, पण पिस्तुलाचं वजन जवळपास अडीच पट असेल, तर हाताला बसणारा फटका कमीच होणार. त्यात छोट्या पिस्तुलाची मूठ आखूड. करंगळी हवेत राहते, कधी अनामिकाही अर्धीच टेकते. पकड दोन बोटांवर आली की प्रत्येक गोळीनंतर पिस्तूल हातात फिरतं आणि ते पुन्हा सावरून धरावं लागतं.

नेमाचं गणितही याच बाजूने आहे. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात पंधरा सेंटीमीटर अंतर असेल आणि माशी एक मिलिमीटर सरकली, तर सात मीटरवर गोळी साडेचार-पाच सेंटीमीटर चुकते. तेच अंतर दहा सेंटीमीटर असेल तर तेवढ्याच चुकीला गोळी सात सेंटीमीटर चुकते. घाबरलेल्या माणसाच्या हातून एक मिलिमीटरवर थोडंच भागतं? शिवाय कित्येक खिशातल्या पिस्तुलांवर माशी म्हणजे स्लाइडवरचा, वरच्या सरकत्या भागावरचा, नुसता उंचवटा असतो. पांढरा ठिपका नाही, काही नाही, अंधारात ती सापडायचीच नाही.

आणि स्लाइड. वहिनींना त्या छोट्या पिस्तुलाची स्लाइड मागे खेचता येत नव्हती. दुकानात ती विकणाऱ्यानेच खेचून दाखवली होती. हलकी स्लाइड आवरायला स्प्रिंग कडक लागते आणि धरायला जागा कमी, म्हणून जिला हलकं हवं तिलाच ते ओढवत नाही. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये शील्ड ईझेड काढलं ते नेमकं अशाच हातांसाठी. काडतूस तेच .३८०, पण पिस्तूल सव्वापाचशे ग्रॅमच्या घरातलं, मूठ पूर्ण आणि स्लाइड सहज मागे येणारी. सोपं करायचं म्हणून कंपनीने ते मोठं केलं, ही गोष्ट प्रत्येक काउंटरवर लिहून लावायला हवी.

हा समज अमेरिकेपुरता नाही. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीने 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर आणलं. .३२ बोअरचं, पाचशे ग्रॅमचं, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि ओळख 'महिलांसाठी'. भारतात सामान्य परवानाधारकाला ९ एमएम मिळत नाही, त्यामुळे .३२ चं समजू शकते. पण बाईसाठी म्हणजे हलकं आणि पर्समध्ये मावणारं, हे तिथेही आधीच ठरलेलं होतं. कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत पंचवीस मीटर स्पोर्ट्स पिस्तुलात आशियाई सुवर्ण जिंकून आली ती किलोभर वजनाचं पिस्तूल एका हातात स्थिर धरून. बाईचा हात दुबळा असतो हे कोल्हापुरात तरी कुणी सांगू नये.

पर्सबद्दल माझं मत वाचकांना माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहोतल्या हेडन गावी, एका मोठ्या दुकानात, दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि त्याच्या हातून सुटलेल्या गोळीने आई गेली. पर्स साधी नव्हती, हत्यार ठेवायला वेगळा कप्पा असलेली होती. पर्स आपण ट्रॉलीत ठेवतो, खुर्चीला अडकवतो, मुलाच्या हाती देतो. पिस्तूल अंगावरच हवं, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये.

अंगावर म्हटलं की लोक म्हणतात, मोठं लपणार कसं? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. नळी लपवणं अवघड नसतं, ती पँटच्या आत जाते. उलट नळी थोडी लांब असली तर खालून टेकू मिळतो आणि पिस्तूल पुढे कलत नाही. सदऱ्यावर उठून दिसते ती मुठीची टाच. म्हणून मूठ किती लांब, हे बघून आकार ठरवायचा. होल्स्टरला मूठ आत दाबणारं पंखासारखं टोक असलं आणि पट्टा ताठ असला, तर ग्लॉक १९ सैल कुर्त्याखाली कळतही नाही. पट्ट्याबद्दल मी किती वेळा लिहिलं असेल! सहाशे डॉलरचं पिस्तूल आणि दहा डॉलरचा लोळागोळा झालेला पट्टा ही जोडी मी रेंजवर दर आठवड्याला बघते. माझं ठाम मत आहे की छोटी पिस्तुलं घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना छोटं पिस्तूल नको असतं, त्यांना चांगला पट्टा हवा असतो. याला माझ्याकडे डोळ्यांनी पाहिल्यापलीकडे पुरावा नाही, पण मत बदलायला कारणही सापडलेलं नाही.

समोरच्या बाजूचं एक म्हणणं मला मान्य आहे. ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये, पातळ सुती कपड्यांत, जाडजूड हत्यार अंगावर नको होतं आणि माणूस ते घरी ठेवून जातो. घरी राहिलेल्या पिस्तुलाचा उपयोग शून्य. २००८ मध्ये रुगरचं एलसीपी आलं आणि एवढं खपलं ते याच गरजेपोटी. वर्षानुवर्षं सराव केलेल्या माणसाच्या खिशात ते शोभतं. पण २०१८ मध्ये सिग सॉअरचं पी३६५ आल्यापासून नवख्यासाठी ही सबब उरलेली नाही. अडीच-पावणेतीन सेंटीमीटर जाडी, पाचशे ग्रॅम वजन, आठ सेंटीमीटरची नळी आणि मॅगझिनमध्ये दहा काडतुसं, तीही ९ एमएमची. पुढच्याच वर्षी त्याची लांब मुठीची आणि लांब नळीची आवृत्ती आली, बारा काडतुसांची. ग्लॉकचं ४३एक्स त्याच वर्षीचं. मधल्या आकाराची ही पिढी लपायला जवळपास छोट्या पिस्तुलासारखी आणि चालवायला बरीचशी मोठ्यासारखी आहे. पी३६५ ची मूळ आखूड मूठ मी नवख्यांना तरीही देत नाही. लांब मुठीचं घ्या, सगळी बोटं टेकली पाहिजेत.

वहिनींना मी तेच सांगितलं आहे. त्यांनी घेतलेलं पिस्तूल परत होणार नाही, वापरलेलं म्हणून कमी पैशांत विकावं लागेल. त्यांचं दुकान रात्री उशिरा बंद होतं, गल्ला मोजून त्या एकट्या गाडीपर्यंत जातात. त्यांच्या भीतीला खरं कारण आहे आणि त्या कारणाला साजेसं हत्यार त्यांना मिळायला हवं होतं.

तुमच्या घरात कुणी पिस्तूल घेणार असेल, तर पैसे देण्याआधी तेच मॉडेल रेंजवर भाड्याने घ्या आणि जिला ते बाळगायचं आहे तिलाच चालवू द्या. स्लाइड तिने स्वतः खेचावी, सगळी बोटं मुठीवर बसतात का तिने बघावं, दोन मॅगझिन संपवून सात मीटरवरचा कागद तिने तपासावा. नवऱ्याने, भावाने आणि विकणाऱ्याने तेवढा वेळ बाजूला उभं राहावं.