रस्ता रुंद, तरी कोंडी का?

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरची एक मार्गिका 105 तास 33 मिनिटांत सलग डांबरली गेली आणि वऱ्हाडाचे नाव गिनेस बुकात गेले. आनंदच आहे. पण रस्ता कितीही चांगला असो, कापसाच्या सगळ्या गाड्या एकाच सकाळी बाजार समितीच्या फाटकाशी आल्या, तर रांग लागणारच. संगणकांच्या जाळ्याचेही असेच आहे, आणि हे आपल्या राज्यकर्त्यांच्या ध्यानात येत नाही, असे मला वाटते.

जाळ्यावरून माहिती छोट्या छोट्या पाकिटांत जाते. वाटेतल्या एखाद्या नाक्यावर गर्दी झाली की पाकिटे थांबतात. जागा संपली की टाकून दिली जातात. पोच न मिळाल्याने संगणक तेच पाकीट पुन्हा पाठवतो आणि गर्दीत भर पडते. ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेत बर्कले येथे, जेमतेम चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग असाच सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये उपाय मांडला : सुरुवात हळू करावी, पोच येईल तसा वेग वाढवावा, पाकीट हरवले की हात आखडावा. त्यासाठी नवी तार टाकावी लागली नाही.

आपल्याकडे पीकविम्याची शेवटची तारीख मात्र धारणीपासून बार्शीटाकळीपर्यंत एकच. शेतकरी आळसाने शेवटी येतो असे नव्हे. पाऊस लांबला की पेरणी लांबते आणि पेरल्याशिवाय विमा कशाचा? मग सेवा केंद्रापुढे रांग लागते. पान उघडेना म्हणून केंद्रचालक पुन्हापुन्हा बटण दाबतो, आणि प्रत्येक दाबागणिक यंत्रणेवर नवा भार पडतो. ‘सर्व्हर डाऊन’ ऐकून परतणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडते. तारीख टळली तर विमाही जातो. मुदत वाढवली, तर तीच गर्दी नव्या शेवटच्या दिवशी जमते.

क्षमता वाढवावी, यात वाद नाही. पण त्याआधी अखेरच्या आठवड्यात तालुक्यांना दिवस वाटून द्यावेत. गर्दी झालीच, तर ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणण्याऐवजी यंत्रणेने क्रमांक आणि वेळ नोंदवलेली पावती द्यावी, आणि तीच अर्जाची वेळ धरावी. हाती टोकन असलेला माणूस फाटकाशी रेटारेटी करत नाही. तो चहा प्यायला जातो. वेळेत आलेल्या शेतकऱ्याला एवढा भरवसा देणे सरकारला अवघड नाही.