इंग्रजीचा तास

इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवावे, या वादात महाराष्ट्राने पाऊणशे वर्षे घालविली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने ते आठवीवर नेले, पुढे ते पाचवीस आले आणि २००० साली पहिलीस. तरीही सातारा-सांगलीकडील अनेक मुले दहावीस स्वतःची चार वाक्ये लिहिताना अडखळतात. इयत्ता बदलली, तासातील काम बदलले नाही, हेच याचे कारण होय.

उशिरा आरंभ हा अडसर नव्हे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले, ते इंग्रजी पहिलीत, वयाच्या नवव्या वर्षी! १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली आणि त्याच वर्षी सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय. शेतकऱ्याच्या घरापासून अशा महाविद्यालयापर्यंतचा पूल माध्यमिक शाळेतील इंग्रजीचा शिक्षकच बांधीत असतो.

उत्तम शिक्षक धड्याचा मराठी अर्थ सांगून मोकळा होत नाही, की फळ्यावरील उत्तरे उतरवून देत नाही. तो आधी ऐकवितो, मग बोलावयास लावतो, नंतर लिहवून घेतो. मराठीत वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद इंग्रजीत कर्त्यामागोमाग येते. मूल नेमके तेथेच चुकते, हे जाणून तो वही तपासतो. पण साठ-साठ मुलांचा वर्ग आणि त्यावर निवडणूक-जनगणनेची कामे लादल्यावर वह्या तपासावयाच्या केव्हा? सरकारने इयत्तेचा घोळ आता पुरे करावा आणि शिक्षकाला ती सवड द्यावी.