प्रायमस की प्रीमुस?

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे स्टॉकहोमला गेलो होतो. एका रविवारी जुन्या बाजारात पितळी स्टोव्ह दिसला आणि माझे पाय थबकले. थेट आमच्या आईच्या ओट्यावरचा! मी उत्साहाने म्हणालो, “प्रायमस!” विकणारे सत्तरीचे गृहस्थ हसले. “प्रीमुस,” ते हळूच म्हणाले आणि लगेच पंप कसा चालतो ते दाखवू लागले.

या वस्तूचा जन्मच स्टॉकहोमचा. 1892 मध्ये फ्रान्स विल्हेम लिंडक्विस्ट यांनी ती घडवली. टाकीत हवा भरायची, दाबाने रॉकेल वर चढवायचे, तापल्या नळीत त्याची वाफ करायची आणि ती हवेत मिसळून जाळायची. वातीचा काजळी धरणारा पिवळा जाळ गेला, निळा आला. हाच स्टोव्ह 1911 मध्ये आमुंडसेनबरोबर दक्षिण ध्रुवावर गेला आणि 1953 मध्ये एव्हरेस्टच्या मोहिमेवरही. आमच्याकडे तो पोहे आणि चहा करीत राहिला.

असे जुने स्टोव्ह जमवणारे, ते घेऊन रानात तंबू ठोकणारे शौकीन जगभर आहेत. गर्जणारा बर्नर चांगला की मुका, यावर त्यांचे वाद रंगतात. तसेच नावांच्या उच्चारांवरही. ‘स्वेआ’ हे स्वीडनचेच काव्यातले नाव, पण इंग्रज त्याचे ‘स्विया’ करतो. ‘त्रांगिया’ हे नाव कारखान्याच्या गावावरून, त्रॉंग्सविकेनवरून आले. त्यात ‘ज’चा मागमूस नाही, तरी कित्येक जण ‘ट्रॅन्जिया’ म्हणतात. ‘प्रिमस’ हा तर मुळात लॅटिन शब्द, अर्थ ‘पहिला’. त्याचा ‘प्राय’ केला इंग्रजीने, आणि आपण वस्तूबरोबर उच्चारही तिच्याचकडून उचलला. माल कोणत्या बंदरातून आला, ते असे उच्चारावर उमटलेले असते. त्यात चूक कसली?

हे शहाणपण मला उशिरा आले. 1986 साली मी एका तालुक्याच्या गावी बँकेत अधिकारी होतो. स्टोव्ह दुरुस्त करणारा एक कारागीर दोन हजारांच्या कर्जासाठी आला. अर्जात व्यवसायापुढे त्याने लिहिले होते, ‘पिरिमस दुरुस्ती’. मी लाल शाईने शब्द खोडला, वर ‘प्रायमस’ लिहिले आणि काउंटरवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “आधी धंद्याचं नाव तरी नीट लिहायला शिका.” दोघे-तिघे हसले. “नव्याने लिहून आणतो, साहेब,” म्हणून त्याने अर्ज घडी करून खिशात ठेवला. तो पुन्हा आला नाही.

निपलमधला कचरा पिनेने काढणे, चामड्याचा वॉशर कापून पंपाला बसवणे, ज्योत पिवळी का झाली ते नुसत्या आवाजावरून ओळखणे, हे सारे त्याला येत होते. मला फक्त एक शब्द येत होता, आणि तोही, स्टॉकहोममध्ये कळले त्याप्रमाणे, चुकीचा. त्याचा ‘पिरिमस’ मूळ ‘प्रीमुस’ला माझ्यापेक्षा जवळ होता!

पण तो जवळ नसता तरी मी वागलो ते वाईटच ठरले असते. माणसाचे नाव त्याला विचारून नीट उच्चारावे, ते आपले कर्तव्य. वस्तूचे नाव मात्र ज्याच्या हातात ती वस्तू आहे, त्याच्या जिभेवर बसेल तसे बसते. उच्चार जाणून घ्यावा, हौसेने सांगावाही, पण त्या गृहस्थांसारखा : हळूच, आणि पुढच्या क्षणी पंपाकडे वळून.

आज तो अर्ज पुढ्यात आला, तर लाल पेन मी बाजूला ठेवीन आणि एकच विचारीन, “वॉशर तुम्ही स्वतः कापता का?”