एकट्याने शिकून भागणार नाही

गेल्या जून महिन्यात, शाळा उघडण्याच्या आठवड्यात, आमच्या चाळीच्या मागच्या गल्लीतल्या एक ताई रात्री नऊ वाजता घरी आल्या. ताई कंत्राटी सफाई कामगार आहेत. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही ऑफिसात काम करता, हे वाचून सांगा. ह्याच्यात नोकरीचं कुठं लिहिलंय?"

कागद होता एका खाजगी क्लासचे सर्टिफिकेट. सहा महिन्यांचा सॉफ्टवेअरचा कोर्स, फी अडतीस हजार. त्यासाठी ताईंनी कानातले मोडले होते आणि उरलेले पैसे उसने घेतले होते. कागद इंग्रजीत, सोनेरी किनारीचा, पण नोकरीविषयी त्यात एक अक्षर नव्हते. मुलगा दारातच मान खाली घालून उभा होता. मी त्याला विचारले, "बाळा, सहा महिन्यांत तू काय बनवलंस?" तो म्हणाला, "काका, नोट्स आहेत."

त्या मुलाची चूक नव्हती. आपल्या घराघरांत हेच चालले आहे. सरकारी भरतीला लागते म्हणून आपण मुलांना एमएस-सीआयटी करायला लावतो, ते योग्यच आहे. पण तिथे कॉम्प्युटर चालवायला शिकवतात. प्रोग्राम बनवणे ही वेगळी विद्या आहे. शिवणयंत्राला तेल घालता आले म्हणजे सदरा बेतता येत नाही. आपली मुले डेटा एन्ट्री करतात, कॉल सेंटरला बसतात, डिलिव्हरीची पिशवी पाठीवर घेऊन गोवंडी-चेंबूर पालथे घालतात. कुणाला किती फेऱ्या आणि किती पैसे हे त्यांच्या मोबाईलमधले जे सॉफ्टवेअर ठरवते, ते दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेले असते.

मग ही विद्या येते कुठून? मी बी.कॉम. झालेला कारकून. मला वाटायचे, मोठ्या कॉलेजात येत असेल. तिथे येतेच, नाही असे नाही. पण त्या रात्रीनंतर चौकशी करू लागलो, थोडे वाचले, आणि ध्यानात आले की या धंद्यातली कितीतरी मोठी माणसे एकमेकांत बसून शिकली आहेत. ५ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावी एका माणसाच्या गॅरेजमध्ये तीसेक हौशी लोक जमले. होमब्रू कॉम्प्युटर क्लब हे त्या मंडळाचे नाव. आपण काय बनवले ते प्रत्येकाने दाखवायचे, अडले तर विचारायचे, हाच तिथला रिवाज. तिथे येणारा स्टीव्ह वॉझ्नियाक हा तरुण आपल्या यंत्राचे नकाशे फुकट वाटत असे. त्याच यंत्रातून पुढे १९७६ साली ॲपल कंपनी निघाली. फिनलंडमधला लिनस टोरवाल्ड्स १९९१ साली अवघा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने लिनक्स सुरू केले आणि सगळ्यांना उघडे करून दिले. जगभरच्या अनोळखी माणसांनी त्यात भर घातली. आज मोठमोठ्या कंपन्यांची यंत्रे त्याच्यावर चालतात, आणि घेणाऱ्याला त्याचा परवाना विकत घ्यावा लागत नाही.

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे आहे असे कुणी म्हणेल. म्हणून आपल्या दाराशी येतो. आपल्या देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. तोच वि. ना. पुरव मार्ग धरून पुढे गेले की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र लागते. दोघांचा पिन कोडसुद्धा एकच, ४०० ०८८. या केंद्रात काम केलेले प्राध्यापक नागार्जुन जी. हे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते. ही संस्था २००१ साली स्थापन झाली. सॉफ्टवेअर आतून उघडे असावे, कुणालाही ते वाचता यावे, सुधारता यावे आणि दुसऱ्याला देता यावे, हा तिचा आग्रह. ज्या समाजाला हजारो वर्षे पोथी उघडू दिली नाही, त्याला या आग्रहाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. आणि आपण? त्या केंद्राच्या भिंतीवरून रोज बसने जातो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात आपला एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला दाखवला होता. विद्येची एवढी मोठी दारे आणि शेजारीच तळाचा विभाग, हे कोडे मला कारकुनी डोक्याने कधी सुटले नाही.

बंगळूरला मात्र काही तरुणांनी ते सोडवायला घेतले. तिथे सुदर्शन लेआउट नावाची झोपडपट्टी आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी करणारे स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊ लागले आणि वस्तीतल्या मुलांसाठी कॉम्प्युटरचे केंद्र उभे राहिले. नाव ठेवले आंबेडकर कम्युनिटी कम्प्युटिंग सेंटर. सगळे काम मोफत, मुक्त सॉफ्टवेअरवर. मुले तिथे चित्रेसुद्धा कॉम्प्युटरवर काढायला शिकली. शिकवणाऱ्यांनी वस्तीत जायचे, वस्तीने त्यांच्या दारात जायचे नाही, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते.

आणखी जवळचे उदाहरण धारावीचे. २०१४ साली नवनीत रंजन या चित्रपट दिग्दर्शकाने ‘धारावी डायरी’ हा उपक्रम सुरू केला. तिथल्या नया नगरमधल्या शाळकरी मुलींनी मोबाईलचे ॲप बनवले. त्यातल्या एकाचे नाव ‘पानी है जीवन’. सार्वजनिक नळावर आपला नंबर आला की ॲपने कळवायचे, म्हणजे हंडा लावून तासन्‌तास उभे राहायला नको. दुसरे ‘वुमन फाइट बॅक’, संकटातल्या बाईसाठी. नळाच्या रांगेचा प्रश्न वातानुकूलित इमारतीतल्या इंजिनिअरला सुचलाच नसता. त्याच्या घरी नळ घरातच आहे.

तर हे सर्व ऐकून आम्ही आमच्या विहारात रविवारी बसायचे ठरवले. सुरुवातीला विरोध झाला. एक ज्येष्ठ ट्रस्टी म्हणाले, "बुद्धमूर्तीसमोर कॉम्प्युटर? उद्या पोरं सिनेमा बघतील." मी त्यांना एवढेच म्हणालो, "दादा, नालंदा हेसुद्धा विहारच होते." ते रागावले नाहीत. उलट पुढच्या रविवारी लोखंडी कपाट त्यांनीच दिले. दोन जुन्या मशीन मिळाल्या, ऑफिसातून भंगारात निघणाऱ्या. विंडोज चालेना इतक्या जुन्या, पण लिनक्स टाकल्यावर निमूट चालू लागल्या. आमच्याच वस्तीत वाढलेली आणि आता ऐरोलीला कंपनीत काम करणारी एक मुलगी शिकवायला तयार झाली. नियम एकच केला. वही घेऊन लिहून घ्यायचे नाही, काहीतरी बनवायचे आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर चालवून दाखवायचे.

वेळेवरून घोटाळा झाला, तोही सांगतो. आम्ही पुरुषांनी सकाळी वंदनेनंतर दहाची वेळ ठरवली. तीन रविवार एकही मुलगी आली नाही. चौथ्या रविवारी माझ्या पत्नीने मला सुनावले, "रविवारी सकाळी पाणी कोण भरतं, मटण कोण शिजवतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का?" वेळ दुपारी चारची केली. आता मुली जास्त असतात, मुलगे कमी. बायकोने हे आधीच सांगितले असते तर, असे मी म्हणणार होतो. पण आधी विचारले होते का, हाही प्रश्न आहेच.

ताईंच्या त्या मुलाने बनवायला घेतला महिला बचतगटाचा हिशोब. दोन महिने राबला. ऐरोलीच्या मुलीने तपासले, तिच्या कंपनीतल्या एका मित्रानेही तपासले, सगळे म्हणाले उत्तम. मग गटाच्या खजिनदार मावशींना बोलावले. मावशी चौथी शिकलेल्या, पण गटाची वही त्यांच्या हातची. त्यांनी एक खाते घालून पाहिले. बारा हजारांचे कर्ज, बारा महिने, महिना दोन टक्के व्याज, दर महिन्याला हजार रुपये मुद्दल फेडायचे. मशीनने व्याज दाखवले दोन हजार आठशे ऐंशी. मावशी म्हणाल्या, "माझ्या वहीत पंधराशे साठ येतंय. हे मशीन सावकाराकडनं आणलं का?"

सगळे गप्प. मग मी कागद घेतला. प्रोग्राम दर महिन्याला पूर्ण बारा हजारांवर व्याज धरत होता, म्हणजे दोनशे चाळीस, गुणिले बारा. पण दर महिन्याला हजार फिटत होते. पहिल्या महिन्याला बारा हजारांवर, दुसऱ्याला अकरा हजारांवर, अशी घटत्या शिलकीवर आकारणी करायची. सगळ्या शिलकांची बेरीज अठ्ठ्याहत्तर हजार, त्याचे दोन टक्के पंधराशे साठ. मावशी बरोबर होत्या. फरक तेराशे वीस रुपयांचा, एका बाईच्या एका कर्जावर. गटात पंधरा बायका आहेत.

मुलाने मग कबूल केले की व्याजाचा तो भाग त्याने मोबाईलवरच्या एआयला विचारून उतरवून घेतला होता. हल्ली हे फार चालते, आणि एका बापाने मला विचारलेही होते की यंत्रच प्रोग्राम लिहून देते तर मुलांनी शिकायचे कशाला. मी मुलाला बोललो नाही. यंत्राला आमच्या गटाची रीत कुठून ठाऊक असणार? ती मावशींना ठाऊक होती, आणि मावशी विहारात बसल्या होत्या म्हणून चूक तिथल्या तिथे सापडली. त्या दिवसापासून मावशी दर रविवारी येतात. मुले त्यांना टेस्टर म्हणतात. कंपन्यांत या कामाला पगार असतो असे ऐरोलीच्या मुलीने सांगितल्यावर मावशींनी गटाकडे चहाचे पैसे मागितले, ते मंजूर झाले.

हे लिहिताना मनात एक काटा आहे. आमच्या वस्तीतून इंजिनिअर झालेले निदान आठजण मला माहीत आहेत. कुणी खारघरला, कुणी पुण्याला हिंजवडीत, एक परदेशी. आठांपैकी एकच मुलगी रविवारी येते. बाकीच्यांना फोन केले. कुणी पैसे देऊ म्हणाले, एकाने पाठवलेही. यायला मात्र वेळ नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी खंत बोलून दाखवली, ती आपण दर वर्षी भाषणात सांगतो आणि घरी जातो. त्यातल्या एकाने मला खरे कारण सांगितले. म्हणाला, "काका, ऑफिसात कुणाला माहीत नाही मी कुठला. देवनारला आलो, फोटो निघाला, तर कळेल." मी त्याच्यावर रागावू शकलो नाही. त्याची भीती उगाच नाही. ३० जून २०२० रोजी अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी खात्याने सिस्को या मोठ्या कंपनीवर खटला भरला. एका दलित इंजिनिअरला वरच्या जातीच्या वरिष्ठांनी डावलले, असा आरोप होता. कंपनीने आरोप नाकारला आणि २०२३ साली त्या दोन वरिष्ठांवरची तक्रार मागे घेण्यात आली, हेही सांगितले पाहिजे. पण त्या प्रकरणानंतर तिथल्या आंबेडकरवादी संघटना जागोजागी बोलू लागल्या, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. एकटा इंजिनिअर आडनाव लपवतो. संघटना असली की तो नाव सांगून बोलू शकतो.

बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. कामगाराच्या सोयीचे घड्याळ लावले, म्हणून आपल्यातले कितीतरी पदवीधर झाले. आमचे चार वाजण्याचे घड्याळ त्यापुढे काहीच नाही. तरी ज्या विहारांत अजून रविवारची दुपार रिकामी जाते, त्यांनी विचार करावा. पैसा थोडा लागतो. दोन जुन्या मशीन, एक कपाट, शिकवणारे एक माणूस आणि ते आजारी पडले तर दुसरे. हे दुसरे माणूस मिळवणे सर्वांत कठीण आहे. आमच्याकडे सप्टेंबरात तीन रविवार वर्ग बंद पडला तो याच कारणाने. आता ताईंचा मुलगाच लहानांना शिकवतो. चुकतो, पण शिकवतो.

त्याला नोकरी लागली का, असे वाचक विचारतील. अजून नाही. दोन ठिकाणी मुलाखतीला जाऊन आला. दुसऱ्या ठिकाणी त्याला विचारले, "तुम्ही काय बनवलंय?" त्याने मोबाईल काढून बचतगटाचा हिशोब दाखवला, आणि घटत्या शिलकीच्या व्याजाची चूक कुणी पकडली तेही सांगितले. पुढे बोलावतो म्हणाले आहेत. ताई रोज कामावरून आल्या की विचारतात, फोन आला का. उसने घेतलेले नऊ हजार अजून फेडायचे आहेत.