पानाची डावी बाजू

अर्धांगवायूच्या झटक्यांतून वांचलेला एखादा वडील मनुष्य जेवावयास बसतो. उजवीकडील भाजी-आमटी संपवितो. डावीकडील चटणी-कोशिंबिरीस स्पर्शहि न करितां 'मला कोशिंबीर कां वाढली नाहीं?' म्हणून विचारतो. घरचीं माणसें त्यास हट्टी म्हणतात. कोणी 'म्हातारपणीं बुद्धि फिरली' असेंहि बोलतात. आमच्या मतें हा त्याजवर अन्याय आहे.

दोष स्वभावाचा नव्हे, आणि पुष्कळदां डोळ्यांचाहि नव्हे. तो लक्षाचा आहे. मेंदूचा डावा गोलार्ध मुख्यत्वेंकरून उजव्या बाजूकडे लक्ष पुरवितो, उजवा मात्र दोन्ही बाजू सांभाळतो, असा एक प्रमुख सिद्धांत आहे. म्हणून डाव्यास इजा झाल्यास उजवा बरेंचसें निभावून नेतो. परंतु उजव्यास इजा झाली कीं डावें जग जणूं नाहींसें होतें. दाढी अर्धीच होते, ओळीचा आरंभ वाचावयाचा राहतो.

इटलींतील मिलान शहरीं बिसियाक व लुझाट्टी यांनीं १९७८ सालीं अशा दोन रुग्णांस तेथील प्रसिद्ध चौक केवळ मनांत आणावयास सांगितलें. एका टोकास उभे आहों अशी कल्पना करितां त्यांनीं बहुतेक उजवीकडच्याच इमारती सांगितल्या; समोरच्या टोकास उभे आहों म्हणतांच आधीं गाळलेल्या आठवल्या व पूर्वीच्या गळाल्या! आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर सांगलीच्या आयर्विन पुलाचें घ्यावें. कृष्णेच्या प्रवाहाच्या दिशेस तोंड केलें असतां सांगली डावीकडे, सांगलीवाडी उजवीकडे. अशा रुग्णाच्या मनांतून सांगलीच पुसली जावयाची. नदी साताऱ्याकडून येते तिकडे तोंड फिरविलें, कीं सांगली परत यावयाची आणि सांगलीवाडी जावयाची.

निरोगी मनुष्यहि या पक्षपातापासून अगदीं मुक्त नसतो. विद्यार्थिमित्रांनीं कागदावर आडवी रेघ ओढून अंदाजानें तिचा मध्य करावा. पुष्कळांची खूण किंचित् डावीकडे पडते.

पालकांस मात्र गंभीरपणें सांगावयाचें तें असें. बहुतेकांची वाचा डाव्या गोलार्धाकडे असल्यामुळें उजव्यास इजा झालेला मनुष्य नीट बोलतो, आणि 'मला कांहीं झालें नाहीं' असें मनापासून सांगतो. तेवढ्यावर विसंबून घरचे उद्यांवर ढकलतात. गुठळी विरघळविणारें औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें. तेव्हां डावी बाजू अकस्मात् दुर्लक्षिली जाऊं लागली, तोंड वांकडें झालें किंवा डावा हात लुळा पडला, तर वेळ टिपून ठेवून तत्काळ मोठें रुग्णालय गांठावें. खेड्यांतून वाटेंतच बराच वेळ जातो.

पुढें घरीं आल्यावर वाचतांना पानाच्या डाव्या कडेस ठळक तांबडी रेघ ओढून द्यावी व ती दिसेपर्यंत मान वळविण्यास सांगावें. जेवतांना डावी बाजू दाखवूनहि अन्न राहिलें, तर ताट फिरवून द्यावें.