मोटर फिरते, पण पोचत नाही

गॅजेट बंद पडायचे मुहूर्त दोनच. वॉरंटी संपल्याचा दुसरा दिवस, नाहीतर घरी पाहुणे जमल्याची संध्याकाळ. माझ्या टेलिस्कोपने दुसरा साधला.

तारीख २१ डिसेंबर २०२०. गुरू आणि शनी इतके जवळ येणार होते, की दोघं टेलिस्कोपमधून एकदमच दिसावेत. दोघांमधलं अंतर पौर्णिमेच्या चंद्राच्या पाव भागाहूनही कमी! १६२३मध्ये ते असेच जवळ आले होते, पण सूर्याच्या उजेडात जवळपास हरवले. नीट दिसावेत असे त्याआधी आले ते थेट १२२६मध्ये. आणि यानंतर इतके जवळ येणार २०८०मध्ये. तेव्हा मी ऐंशी ओलांडलेली असेन. आई-बाबांचं गणित मी केलंच नाही.

पुण्यातल्या आमच्या गच्चीवर मास्क लावलेली आठ-दहा मंडळी. सूर्य सहाच्या सुमारास बुडाला, ग्रह आठच्या आसपास मावळणार. मी स्टाइलमध्ये रिमोटचं बटण दाबलं. घुर्रर्र... आणि चित्र तसंच धूसर! वाट लागली.

थोडं ज्ञान देते. मॅग्निफिकेशन जास्त असलं, की फोकसच्या नॉबला नुसतं बोट लागलं तरी चित्र थरथरतं. म्हणून नॉबला छोटी मोटर जोडतात. तीच रुसली की काय करायचं? मी केलं ते करू नका. मी आधी बॅटरी बदलली. दहा मिनिटं गेली. मग केबल काढून पुन्हा खोचली. आणखी पाच. शेजारचे काका म्हणाले, "उद्या बघू गं." उद्या?

आई मागे शांत उभी होती. तिने वीस वर्षं घरी ब्लाउज शिवलेत. ती म्हणाली, "अगं, मोटरचा आवाज येतोय ना? मग बॅटरी कशाला बदलतेस? बॉबिन भरताना आपण चाकाचा स्क्रू सैल करतो, चाक फिरतं पण सुई हलत नाही. तसंच झालंय हे."

अगदी तसंच झालं होतं! मोटरचा दांडा नॉबच्या दांड्याला एका इवल्याशा ग्रब स्क्रूने पकडलेला असतो. जिन्यावरून नेताना-आणताना तो ढिला झाला होता. सायकलच्या किटमधली सगळ्यात बारीक ॲलन की घेतली, दांड्याच्या सपाट बाजूवर स्क्रू बसवला, बेताने आवळला. बटण दाबलं आणि चित्र सरकलं.

तेव्हापासून माझा नियम एकच : आधी ऐका, मग हात लावा. आवाजच नाही? बॅटरी, केबल, रिमोट बघा. आवाज येतो, पण नॉब फिरत नाही? ग्रब स्क्रू. नॉब फिरतो, पण नळी सरकत नाही? मग पकड ढिली आहे, किंवा मागे लावलेला कॅमेरा जड होतोय. मोटर नुसती कण्हतेय? लॉकचा स्क्रू आवळलेला राहिलाय किंवा नळी टोकाला पोचलीय. बटण दाबत बसू नका, गिअरचे दात जातील. आणि काहीच जमलं नाही, तर मोटर सोडवून सरळ हाताने फोकस करा. चित्र थरथरेल, पण दिसेल.

त्या संध्याकाळी सव्वासातला पहिला नंबर आईचा लागला. एका बाजूला गुरू आणि त्याचे चंद्र, दुसऱ्या बाजूला कडं घातलेला चिमुकला शनी. ती बराच वेळ डोळा हलवेना. मागे रांग कुरकुरायला लागली.

"आई, बास की आता!"

"थांब गं," ती म्हणाली. "मशीन मी दुरुस्त केलंय."